अंतर

निवृत्तीनंतर आप्पांनी स्कूटर विकली नाही. रविवारी सकाळी तिच्यापाशी बसण्याचा नेमही मोडला नाही. इंजिन थंड असतानाच प्लग काढायचा, ही त्यांची शिस्त. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, म्हणून प्लगच्या टोकावर काजळी धरते. ती दाट असली तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, टोक पांढुरके असले तर इंजिन फार तापते आहे, तपकिरी असले तर सारे क्षेम : वैद्याने जीभ पाहावी तसे ते हे निदान करीत.

मग दोन टोकांतील अंतर. ते फार कमी झाले तर ठिणगी दुबळी पडते. फार वाढले तर ती पलीकडे पोचतच नाही. आप्पा हॅक्सॉच्या पात्याचा, सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा तुकडा मधून सरकवून पाहत. वाकवायचे ते बाहेरचे टोक. मधल्याला धक्का लावायचा नाही. मुलाला मात्र त्यांनी कधी जवळ येऊ दिले नाही. ‘हात काळे करू नकोस, अभ्यास कर.’

यंदा पाते त्यांच्या थरथरत्या बोटांतून दोनदा निसटले. सुटीवर आलेल्या मुलाने ते निमूटपणे उचलले आणि अंतर नेमके बसवले. कितीतरी रविवार त्याने ते दारातून पाहिले होते. प्लग लावताना त्याने थेट पाना घेतला, तेव्हा आप्पांचा हात त्याच्या मनगटावर आला.

‘आधी बोटांनी फिरव. आटे बिघडले तर हेडच गेले.’

दारातून एवढे दिसले नव्हते.

तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. दोघांचेही हात काळे होते.