पहिली हंडी घेताना

वसई म्हटलं की बहुतेकजणींना किल्ला आठवतो, नाहीतर सुकेळी. कार्तिक वद्य एकादशीच्या निर्मळच्या जत्रेत राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांना अजूनही गिऱ्हाईक कमी नसतं. पण जत्रा आटोपली, थंडी जरा स्थिरावली, की इथल्या वाड्यांतून संध्याकाळी निराळाच वास येऊ लागतो. ओल्या पाल्याचा, ओव्याचा, तापलेल्या मातीचा. तो उकडहंडीचा. अलिबागकडची पोपटी आणि वलसाडकडचं उंबाडियुं या तिच्या सख्ख्या बहिणीच म्हणा ना.

यंदा माझ्या भाचीनं विरारहून विचारलं, "मावशी, स्मोकर घ्यायचाय. कोणता घेऊ?" स्मोकर म्हणजे ती झाकणाची, धुराड्याची लोखंडी पेटी. अमेरिकेत तिच्यात मांसाचे मोठाले तुकडे शंभर-सव्वाशे अंशांच्या मंद उष्णतेवर आठ-दहा तास धुरावत ठेवतात. ते त्यांच्या परसात शोभतं. हिचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी दोन पाट मांडता येतील एवढी! शिवाय तिला हवी होती ती चव आजेसासूबाईंच्या हंडीची. त्या आता ऐंशीच्या पुढच्या, जाळापाशी बसवत नाही. कृती कुणी लिहून घेतलेली नाही आणि वाडीचा अर्धा तुकडा विकलाही गेलाय. तेव्हा म्हटलं, पेटी राहू दे, आधी आजींकडे जाऊ.

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला वाघोलीच्या रस्त्याला लागलो. इमारतींची दाटी मागे पडली की अजूनही विहिरी, केळी, नारळ, फुलांचे मळे दिसतात. किती वर्षं दिसतील, देव जाणे. आजी ओटीवर बसूनच शिकवत होत्या आणि नातसून धावपळ करत होती.

पहिला धडा बाजारातला. जिथं कुंभार बसतात तिथं दिवसाउजेडी जावं. हंडी हातावर तोलून बोटाच्या पेरानं वाजवावी. खणखणीत वाजली तर पक्की भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. मग पाणी भरून ठेवावं. सगळ्या अंगाला सारखा ओलावा आला तर काळजी नाही. एकाच रेघेवर थेंब जमले तर तडा आहे, परत करावी. रंगवलेली, चकचकीत झिलईची हंडी कितीही गोजिरी दिसो, रांधायला नको. त्या रंगात, झिलईत शिसं असू शकतं. तिच्यात फुलं ठेवा.

तोंडाचंही पाहावं लागतं. अंगणात पालथी घालून जाळ करायचा तर अरुंद गळ्याचं मडकं हवं, म्हणजे तोंडात कोंबलेला पाला निसटत नाही. चुलीवर किंवा शेगडीवर ठेवायची तर रुंद तोंडाची बरी, ढवळायला हात जातो. पाच-सहा माणसांना पाचेक लिटर पाणी मावेल एवढी पुरे. पहिल्याच खेपेला गावजेवणाचं मडकं घेणाऱ्या हौशी मंडळींना आजींनी हसून हात जोडले.

भरायची रीत अशी. कोनफळ, रताळी, बटाटे, छोटी वांगी, वालपापडीच्या शेंगा धुऊन निथळाव्यात. ओली हळद, आलं, पातीचा लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं, ओवा, मीठ यांचं जाडसर वाटण वांग्या-बटाट्यांत भरावं, बाकीच्यांना चोळावं. तळाशी आणि कडेनं पाला. पोपटीवाले भांबुर्डा घालतात, तो थंडीत शेतातून आपोआप उगवतो. त्याचा उपयोग वासापुरता, खायचा नाही. जड कंद तळाशी, शेंगा वर, आणि तोंड पाल्यानं गच्च बंद. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. भाज्यांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मांसाहारी घरांत कोंबडीचे तुकडे, अंडीही जातात.

मडकं पालथं घालून भोवती वाळक्या झावळ्या, काटक्या, करवंट्या रचल्या. प्लायवूड, रंगवलेली लाकडं, प्लॅस्टिक मुळीच नको, त्याचा विषारी धूर अन्नात उतरतो. अर्धा-पाऊण तास जाळ सारखा ठेवला. आजींनी ओटीवरूनच सांगितलं, "पाणी शिंपड गं!" तापल्या मडक्यावर थेंब पडताच चुर्र होऊन उडाले, म्हणजे झालं. हे थर्मामीटर फुकटचं. जाळ बाजूला सारून, जरा निवू देऊन मग पाला काढला. पहिलं रताळं आजींना दिलं. त्यांनी चाखलं आणि "मीठ पुढल्या वेळी चिमूटभर जास्त," एवढंच म्हणाल्या. नातसुनेनं ते लगेच वहीत टिपलं.

आता बिऱ्हाड फ्लॅटमध्ये असेल तर? बंद खोलीत किंवा काच लावलेल्या गॅलरीत कोळसा पेटवायचा नाही म्हणजे नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं झोपेतच माणसं दगावतात. गच्चीवर करायचं तर सोसायटीला विचारा, पाण्याची बादली जवळ ठेवा. तेही जमत नसेल तर रुंद तोंडाची हंडी गॅसवर, खाली लोखंडी तवा ठेवून, अगदी मंद आचेवर तासभर ठेवा. धुराचा वास हवाच असेल तर शेवटी वाटीत एक लालबुंद निखारा, त्यावर तूप सोडून झाकण. पाच मिनिटं पुरे, खिडकी मात्र सताड उघडी.

भाचीनं दुसरा मार्ग पत्करला. वाडीतल्या चवीला तो पुरता पोचत नाही, हे कबूल. पण दर शनिवारी करता येतो. मडकं मात्र तिनं वाघोलीलाच ठेवलंय, पौषात आजींसमोर पुन्हा लावायला.

आणि हो, हंडी साबणानं घासू नका, माती साबण पिते. नवी असो की वापरलेली, गरम पाणी आणि काथ्यानं धुवा, दोन दिवस उन्हात पालथी घाला. ओलसर हंडी एकदम जाळात गेली तर तडकतेच.