साष्टी आणि आष्टी

इंग्रज समाजाची एक रीत आम्हांस नेहमीच अनुकरणीय वाटत आली आहे. ज्या भूमीत एखादा कवी वा कादंबरीकार वावरला, त्या भूमीतून पायी हिंडावे, सोबत जाणता वाटाड्या असावा आणि लेखकाने जे पाहिले ते आपणही डोळे भरून पाहावे, अशी ती रीत. कवी वर्डस्वर्थ १७९९ च्या डिसेंबरात ग्रासमिअर येथील ज्या लहानशा घरात राहावयास आला, ते घर पाहण्यास आजही देशोदेशीचे लोक जातात. यॉर्कशरमधील हॉवर्थ गावी ब्राँटी भगिनींचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांचे निवासस्थान १९२८ पासून संग्रहालय झाले आहे आणि तेथून माळरानाकडे जाणाऱ्या पाऊलवाटांवर वाचकांची वर्दळ असते. आमच्या परिचयाचे एक कुटुंब काही वर्षांपूर्वी अशा पदयात्रेस जाऊन आले. वाटाड्या चालता चालता थांबे, पुस्तक उघडी, एखादा उतारा वाचून दाखवी आणि पुन्हा चालू लागे, एवढाच काय तो कार्यक्रम असे. तरीही त्या चार दिवसांचे वर्णन ते कुटुंब मोठ्या कौतुकाने करीत होते.

वास्तविक ही कल्पना मराठी माणसास परकी वाटण्याचे कारण नाही. आषाढी वारीसाठी आळंदीहून ज्ञानदेवांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पंढरीस निघतात, तेव्हा लक्षावधी माणसे कवींच्या मागून त्यांचेच शब्द गात पायी चालत असतात. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात शाळा पाहिलेली नसते. परंतु शेकडो अभंग त्यांना मुखोद्गत असतात. चालणे आणि काव्य यांची अशी सांगड अन्यत्र क्वचितच आढळेल. आपण ख्रिस्ती माणसेही यात्रेला जातो, नवस फेडतो, पवित्र मातेच्या सणाला मैलोगणती चालतो. मात्र साहित्याच्या वाटेने आपण सहसा जात नाही. ती वाट आपली नव्हे, अशी एक अबोल समजूत आपल्या मनात रुजून बसली आहे.

या समजुतीचे मूळ कोठे असावे, याचा आम्ही बराच विचार केला आहे. आष्टी तालुक्यातील आमच्या कुटुंबांत वावरताना ती पदोपदी जाणवते. तरुण मुले म्हणतात, “फादर, मराठी साहित्य पुण्या-मुंबईचं. आपल्या भागात काय आहे? दुष्काळ आणि ऊसतोड.” त्यांच्या बोलण्यात दुसरेही एक दुःख असते. गावात त्यांना ‘मिशनची माणसे’ म्हणून ओळखतात. जणू त्यांचा धर्मग्रंथ परदेशी, म्हणून त्यांची भाषाही उसनी! ज्यांना परवडते ते पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि घरातील सायंप्रार्थनेत मराठी अडखळू लागते. इंग्रजी शिकू नये असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु आईच्या भाषेत देवाशी बोलताना मूल संकोचू लागले, तर काहीतरी मोलाचे हातचे निसटते आहे, हे ओळखले पाहिजे.

अशा वेळी आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. इंग्लंडच्या ज्या ग्रामीण प्रदेशाचे एवढे गोडवे गायले जातात, त्यातीलच विल्टशर परगण्यातले बुश्टन हे त्यांचे गाव. जन्म सुमारे १५४९ चा. रोम येथे १५७५ साली येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढे आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी साष्टी तालुक्यात सेवा केली. तेथील माणसांची भाषा ते शिकले, तिचे व्याकरण त्यांनी रचले आणि मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. फादर स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. त्यांचे व्याकरण १६४० साली, म्हणजे त्यांच्या पश्चात छापले गेले.

या कहाणीचा उत्तरार्ध तितकासा सुखद नाही. पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली फर्मान काढले, की गोव्यातील रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि तो वाचणाऱ्या-गाणाऱ्या साध्या भाविकांमुळे. अखेर १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा प्रकाशित केला. गोव्यात भाषा सोडण्याचा हुकूम सत्तेने दिला होता. आज आपल्या घरांत कोणी हुकूम न देताच भाषा सुटते आहे. दोहोंतील हा भेद आम्हांस अस्वस्थ करतो.

आता साष्टीवरून आष्टीकडे येऊ. नावांतील साम्य हा केवळ योगायोग. पण एक खरेखुरे नातेही आहे. आष्टी तालुक्यातील वाहिरा हे संत शेख महंमद यांचे जन्मगाव. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला हा मुसलमान साधक चांद बोधले यांचा शिष्य. आपल्या जन्माचा उल्लेख ते ‘अविंध’ म्हणून निःसंकोचपणे करतात. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ मधील. माणसाच्या अंतरंगातील विकारांशी आत्म्याने करावयाच्या लढाईचे ते वर्णन आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानले आणि श्रीगोंद्यास आणून जागा दिली, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी श्रीगोंद्यासच आहे.

याच बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबाजोगाईस, दासोपंत होऊन गेले. त्यांचा जन्म १५५१ चा आणि निर्वाण १६१५ चे. म्हणजे फादर स्टीफन्स यांचे जवळजवळ समवयस्कच. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ओव्या लिहिल्या. ती ‘पासोडी’ अंबाजोगाईस जतन केलेली आहे. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक इंग्रज ख्रिस्ती धर्मगुरू. तिघेही एकाच कालखंडातले, बहुधा परस्परांचे नावही न ऐकलेले, आणि तिघांनीही हाती धरली ती ओवीच. ज्या भाषेत एकाच वेळी हे तिघे आपापल्या परमेश्वराशी बोलले, ती भाषा कोणा एकाची कशी असेल?

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. वर्तमानपत्रांतून आनंद ओसंडत होता. तेव्हा आम्ही ठरवले, की आपल्या माणसांनी हा आनंद पायांनी साजरा करावा. आष्टीहून वाहिऱ्यास पायी जावयाचे, वाटेत थांबून वाचावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने श्रीगोंद्यास जावयाचे, असा बेत आखला.

एका ज्येष्ठ गृहस्थांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “फादर, आपल्या पोरांना आपलंच पुरतं ठाऊक नाही. मग हिंदू ज्यांना संत मानतात, त्या मुसलमान साधूच्या गावी त्यांना कशाला न्यायचं?” हरकत प्रामाणिक होती, शिवाय तिचा पूर्वार्ध सर्वस्वी खरा होता. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ सालची शिकवण त्यांना सांगता आली असती. परंतु आम्ही निराळे उत्तर दिले. “काका, आपलं क्रिस्तपुराण ज्या ओवीत आहे, ती ओवी याच मातीत पिकली. शेत न पाहता धान्याची पारख कशी व्हायची?” त्यावर ते काही बोलले नाहीत. मात्र निघण्याच्या दिवशी पहाटे हाती काठी घेऊन सर्वांच्या आधी हजर होते.

दसऱ्यापूर्वीचा तो आठवडा होता. आम्ही विसाएक जण होतो. वाटाड्या म्हणून एक सेवानिवृत्त गुरुजी लाभले होते. हा अवर्षणाचा मुलूख; पण पाऊस नुकताच सरल्यामुळे बांधावरचे गवत अजून हिरवे होते. कोठे बाजरीची कणसे खुडणे चालले होते, कोठे शाळूच्या पेरणीसाठी रान तयार होत होते. गुरुजी बाभळीच्या सावलीत थांबत, पिशवीतून कधी योगसंग्राम काढीत, कधी क्रिस्तपुराण. आणि कोणता ग्रंथ ते न सांगता दोन-चार ओव्या वाचीत. मग विचारीत, “ओळखा पाहू, कोणाच्या?” मुलांची उत्तरे बहुधा चुकत. चुकल्यावर जो हशा पिकेल, त्यात आमचे हरकत घेणारे काकाही सामील होत.

तिसऱ्या मुक्कामावर गुरुजी ओवीची घडण समजावून सांगू लागले. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड. गाणाऱ्याचा श्वास जेथे संपतो तेथेच ओवीही विसावते. इतक्यात आमच्यातील एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, हे तर आमचं जात्यावरचंच की!” आणि त्यांनी गाण्यास प्रारंभ केला. तरुणपणी दळताना रचलेल्या त्यांच्याच त्या ओव्या होत्या. काही माहेरच्या, काही सासरच्या, आणि काही बेथलेहेमच्या गोठ्यातील बाळाच्या. आजींना लिहितावाचता येत नाही. घरात पिठाची गिरणी आल्यापासून कित्येक वर्षांत त्या ओव्या त्यांनी कोणापुढे म्हटल्या नव्हत्या. त्यांची दहावीतली नात शेजारीच बसली होती. ती आजीकडे अशी पाहत राहिली, की जणू आज प्रथमच तिला भेटते आहे. मग तिने दप्तरातली वही काढली आणि म्हणाली, “आजे, सावकाश म्हण. मी लिहून घेते.”

त्या मुलीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. दसरा होताच टोळी कारखान्यावर निघणार होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात; आई-बाप गेले, की पाठची भावंडे सांभाळण्यास मोठ्या मुलीला सोबत नेण्याचा प्रघात आहे. आमच्या या मुलीचेही तसेच ठरत होते. शाळेतले नाव तेवढे राहिले असते, शिक्षण मात्र थांबले असते. बीड जिल्ह्यातील किती मुलींच्या वह्या अशा अर्ध्यावर मिटतात, हे आमचे वाचक जाणतातच.

ऊन कलण्याच्या सुमारास आम्ही वाहिऱ्यास पोहोचलो. ग्रामस्थांनी चहापाणी केले. “कोण, कुठले?” अशी विचारपूस झाली. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर एक म्हातारबाबा एवढेच म्हणाले, “बरं झालं आलात. आमचे बाबा तरी कुठे एका जातीचे होते?” तेथे आम्ही मौन धरून बसलो. नंतर गुरुजींनी योगसंग्रामातील काही ओव्या वाचल्या आणि काकांनी, कोणी न सांगता, क्रिस्तपुराण मागून घेऊन जमेल तसे वाचले. त्यांचा आवाज कापत होता. दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्यास समाधीपाशीही आम्ही असेच शांतपणे बसून परतलो.

दसरा झाला, टोळ्या गेल्या. जाण्यापूर्वी त्या घरी बरीच बोलाचाली झाली. शेवटी आजीच अडून बसल्या. “धाकटी माझ्यापाशी राहू द्या, पोरगी शाळेत जाऊ द्या. माझ्या ओव्या अजून उतरून व्हायच्यात,” असे त्या म्हणाल्या. हे आमच्या पदयात्रेमुळे घडले, असा दावा आम्ही करणार नाही. वर्षानुवर्षे घर ओढणाऱ्या त्या माऊलीची जिद्द आधीपासूनच होती. परंतु आपल्याजवळ नातीला देण्यासारखे काही आहे, ही जाणीव तिला त्या बाभळीखाली झाली असावी, असे मात्र वाटते.

वाचकहो, अशा वाटा आपल्याकडे पुष्कळ आहेत. नगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृती आहेत. २०२२ च्या सप्टेंबरपासून आष्टीहून नगरास जाण्यास आगगाडीही झाली आहे. अंबाजोगाईस मराठीचे आद्यकवी म्हणून गणले जाणारे मुकुंदराज यांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी आहे. वसईकरांना गोवा फार दूर नाही. आपल्या धर्मग्रामातील दहा-वीस माणसांनी, त्यातही शाळकरी मुलांनी आणि वृद्धांनी, वर्षातून एक दिवस एखाद्या ग्रंथासह पायी निघावे. खर्च भाकरी-चटणीचा, शुल्क काही नाही. सोबत एक कोरी वही मात्र अवश्य असावी. कारण वाटेत एखादी आजी गाऊ लागली, तर ते कोणीतरी लिहून घ्यावयास हवे.