प्लॉटर ‘थांब’ म्हणतो तेव्हा

एचपी ७४७५ए हा सहा पेनांचा प्लॉटर १९८३ साली बाजारात आला. त्यात कागद पुढेमागे सरकतो, पेन डावीउजवीकडे, आणि दोन्ही हालचाली मिळून रेघ उमटते. प्रिंटर ठिपके मारतो. हा खरोखर लिहितो. सारोळ्यात हायवेच्या कडेला माझं वर्कशॉप आहे. नीरा नदीच्या पलीकडच्या कारखान्यांतल्या मशीनची कंट्रोल कार्डं तिथे दुरुस्तीला येतात. त्याच टेबलावर पुण्याच्या एका ड्रॉइंग ऑफिसने काढून टाकलेला हा प्लॉटर लिनक्सवर चालतो आणि मी त्याच्यावर नीरा खोऱ्याचे नकाशे काढतो.

बघायला येणाऱ्याला वाटतं, एवढ्या जुन्या यंत्राची भाषाच अवघड असणार. ती एका दुपारी शिकून होते. एचपी-जीएल हे तिचं नाव, आणि तिच्यातल्या आज्ञा दोन अक्षरी. ‘एसपी’ने पेन निवडायचं, ‘पीयू’ने उचलायचं, ‘पीडी’ने टेकवायचं, ‘पीए’ने ठरलेल्या बिंदूवर न्यायचं. मिलिमीटरचे ४० भाग, म्हणजे एक भाग ०.०२५ मिलिमीटरचा. नकाशाची माहितीही हाताशी असते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती साधारण तीस मीटरच्या जाळीवर मोकळी उपलब्ध आहे. त्यावरून समपातळी रेषा काढणं हे संगणकाचं काम, आणि ते तो चटकन करतो.

खरी अडचण वेगाची. ९६०० बॉडने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं तारेतून जातात. प्लॉटरच्या पोटात जागा १०२४ बाइटची. म्हणजे सेकंदभरातच ती भरत येते, आणि तेवढ्यात पेनने कदाचित जागाही बदललेली नसते. पेन बदलायला तर तो सावकाश कडेला जातो, जुनं ठेवतो, नवं घेतो. पुढचा मजकूर तरीही येत राहिला तर जागेअभावी मधले आकडे गळतात. मग एका बिंदूचा एक्स दुसऱ्याच्या वायला चिकटतो आणि रोहिड्याच्या डोंगरातून निघालेली रेघ सरळ नदी ओलांडून कागदाच्या कडेला जाऊन आदळते. तासाभराचं काम त्या एका रेघेने वाया जातं.

डॉसच्या काळात हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला सोडवायचा होता. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडचे प्लॉटर ड्रायव्हर त्याचे स्वतःचे असत. विंडोज आल्यावर ड्रायव्हर सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक झाला. लिनक्सच्या कर्नलला तर प्लॉटर ठाऊकच नाही. त्याला दिसतो फक्त सीरियल पोर्ट. मला हीच रचना सर्वांत योग्य वाटते. बाइट कधी सोडायचे, कधी रोखायचे हे कर्नलने बघावं. कुठली रेघ आधी, कुठलं पेन नंतर, हे वर चालणाऱ्या माझ्या छोट्या प्रोग्रॅमने.

रोखण्याचे मार्ग दोन. पहिला तारेचा: जागा संपत आली की प्लॉटर आपल्या वीस नंबरच्या पिनवरचा सिग्नल पाडतो. संगणक मात्र स्वतःच्या नऊ पिनी जोडणीतल्या आठ नंबरकडे बघत असतो. या दोन पिना जोडणारी केबल हाताने डाग देऊन करावी लागते. बाजारातली तीन तारांची केबल इथे निरुपयोगी. दुसरा मार्ग अक्षरांचा: प्लॉटर १९ हा कोड पाठवून थांबवतो, १७ पाठवून पुन्हा सुरू करतो. किती जागा उरली की थांबवायचं ते आपण सुरुवातीलाच सांगून ठेवतो. एचपीच्या पुस्तकातल्या उदाहरणात हा आकडा ८१ आहे. यूएसबी कन्व्हर्टर मध्ये असेल तर तो वाढवावा, कारण थांबायचा हुकूम पोचेपर्यंत कन्व्हर्टरच्या पोटातले बाइट पुढे गेलेले असतात.

यातलं काहीच न करता प्रत्येक ओळीनंतर दोन सेकंद थांबणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. ते मला मुळीच मान्य नाहीत. लहान रेघेला दोन सेकंद फार होतात, पेन बदलायला कमी पडतात. यंत्र स्वतः सांगत असताना अंदाज कशाला?

शेवटच्या ओळीचं दुखणं आणखी वेगळं. प्रोग्रॅमने पोर्ट बंद केला की उरलेले बाइट जायला कर्नल नेहमीच्या सेटिंगला तीस सेकंद वाट बघतो आणि मग ते टाकून देतो. प्लॉटर तेवढ्यात पॉजवर असला तर नकाशाचं शेपूट कापलं जातं आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. त्यावर माझा उपाय असा: सगळ्यात शेवटी ‘ओए’ ही आज्ञा पाठवायची. पेन आत्ता कुठे आहे ते प्लॉटर तिच्या उत्तरात कळवतो, पण आधीच्या सगळ्या आज्ञा उरकल्यावरच. उत्तर हातात आलं की पोर्ट बंद.

आता नकाशावरची गावांची नावं. प्लॉटरच्या स्वतःच्या अक्षरसंचांत देवनागरी नाही. संगणकावरचे फॉन्ट कडांचे असतात, त्यामुळे पेन अक्षराभोवती फिरून पोकळ अक्षर काढतं. अॅलन हर्शी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली एकरेघी अक्षरं लॅटिन, ग्रीक, रशियन, जपानीपर्यंत पोचली. देवनागरी त्यांतही नाही. म्हणून एकेका अक्षराच्या रेघा मी स्वतः आखल्या. ‘शिरवळ’मधली वेलांटी साठवताना ‘श’नंतर येते, काढताना आधी, ‘वेल्हे’त ‘ल’ अर्धा होऊन ‘ह’ला भिडतो. हा क्रम हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी लावून देते, रेघा माझ्या.

शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढायची, असा माझा पहिला नियम होता. दिसायला ती सुंदर येते. पण ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या माथ्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते. ती सलग ओढली की ‘भोर’चा ‘मोर’ होतो, ‘धरण’चं ‘घरण’ होतं. म्हणून त्या दोन अक्षरांपाशी पेन उचललं जातं. उचलण्याची फट पेनच्या टोकापेक्षा बरीच रुंद ठेवावी लागते, कारण फायबरच्या टोकाची शाई कागदावर पसरते. नावांना ०.३ मिलिमीटरचं पेन, नदीला ०.७ चं. आणि शिरोरेघेची सुरुवात नेहमी उभ्या दांड्याच्या माथ्यावरून करावी, म्हणजे पेन टेकताना पडणारा शाईचा ठिपका दांड्यात मिसळून जातो.