माशाच्या तोंडाची माणसं

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीकडे गेले होते. रात्री जेवणं आटोपल्यावर भाच्याच्या खोलीत डोकावले, तर लॅपटॉपच्या पडद्यावर मुसळधार पाऊस. रस्ते पाण्याखाली गेलेले आणि हॅट घातलेला एक माणूस मोटारबोटीतून गल्लीगल्लीने चाललेला.

“कुठला पूर रे हा?”

“ये ओकमाँट है, खाला. बैठो, पता ढूंढने में मदद करो.”

पत्ता शोधायचा म्हटल्यावर मी बसलेच. मतदारयादीच्या कामासाठी शिक्षकांना गल्लोगल्ली हिंडवतात. ‘पाण्याच्या टाकीमागे, पिठाच्या गिरणीसमोर’ असल्या पत्त्यांवर मी कितीतरी चपला झिजवल्या आहेत.

खेळाचं नाव ‘द सिंकिंग सिटी’. कीव्हच्या फ्रॉगवेअर्स कंपनीने तो २०१९ साली काढला. शेरलॉक होम्सवरचे खेळ करणारी ही मंडळी. इथे मात्र त्यांनी गुप्तहेराला लव्हक्राफ्टच्या दुनियेत सोडलं आहे. काळ १९२० च्या दशकातला. चार्ल्स रीड हा अमेरिकी आरमारातून आलेला खासगी गुप्तहेर. त्याला भयंकर दृश्यं दिसतात आणि त्यांचं कारण शोधत तो मॅसॅच्युसेट्समधल्या ओकमाँट या काल्पनिक शहरात येतो. शहर अर्धं बुडालेलं, लोकांची डोकी फिरत चाललेली.

इतर खेळांत पुढे कुठे जायचं ते बाण दाखवतो म्हणे. इथे तसं नाही. ‘अमुक रस्ता आणि तमुक रस्ता यांच्यामध्ये, अमुक भागात’ एवढाच पत्ता मिळतो. नकाशा उघडून रस्त्यांची नावं वाचायची आणि खूण आपल्या हाताने करायची. नाव कळलं पण पत्ता नाही, तर वर्तमानपत्राच्या कचेरीतली जुनी दप्तरं, पोलिसांच्या नोंदी, इस्पितळाची कागदपत्रं चाळायची. कोणत्या काळातलं, कोणत्या भागातलं, कशाबद्दलचं, हे नीट निवडलं तरच कागद हाती लागतो. भाच्याला याचा कंटाळा येत होता. मला वाटलं, वर्गात मी जन्मभर ‘तहक़ीक़’ या शब्दाचा अर्थ सांगत आले, तो इथे कुणीतरी करायला लावतोय.

मारामारी मात्र रटाळ आहे. राक्षस तेच ते, बंदूक चालवणंही अवघडल्यासारखं. एक गोष्ट आवडली: शहरात पैशाला किंमत उरलेली नाही, बंदुकीच्या गोळ्या हेच चलन. उधळून गोळ्या झाडल्या की आपणच कंगाल. शिवाय भयानक काही पाहिलं की रीडचं मानसिक संतुलन ढळतं आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. डोळ्यांनी पाहिलेलंही खरं मानायची सोय नाही.

या शहरात इन्समाउथ नावाच्या गावातून परागंदा होऊन आलेले लोक आहेत. बटबटीत डोळे, माशासारखं तोंड. चेहऱ्यावरूनच ओळखू येतात. ‘हे आले आणि शहर बिघडलं’ असं मूळचे लोक उघड बोलतात. उलट थ्रॉगमॉर्टन नावाचं एक बडं घराणं आहे, त्याच्या कर्त्या पुरुषाचा चेहरा चक्क वानराचा. पण तो श्रीमंत. त्याच्या तोंडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही!

खेळ सुरू होण्याआधी एक निवेदन येतं: त्या काळी अल्पसंख्याकांना वाईट वागवलं जाई, ते चूकच होतं आणि आजही चूकच आहे, पण काळ खरा दाखवायचा म्हणून ते ठेवलं आहे. हे निवेदन का लागलं ते लव्हक्राफ्टबद्दल वाचल्यावर कळलं. १८९० ते १९३७ हे त्याचं आयुष्य. १९२४ ते १९२६ तो न्यूयॉर्कला होता आणि तिथले परदेशातून आलेले लोक पाहून त्याला शिसारी येई. ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ ही कथा त्याच शिसारीतून आलेली. हे विश्व माणसासाठी नाही, त्याला मालक नाही, हे त्याचं मोठं भय. रब्बुल आलमीन म्हणत वाढलेल्या मला ते पटायचं कारण नाही. पण मालक नसलेल्या विश्वाइतकीच शेजारच्या गल्लीतल्या परक्या माणसाचीही त्याला भीती वाटत होती.

या खेळाच्या एका आवृत्तीचं नाव ‘नेक्रोनॉमिकॉन एडिशन’. नेक्रोनॉमिकॉन म्हणजे लव्हक्राफ्टने कल्पिलेला, वाचणाऱ्याला वेड लावणारा ग्रंथ. लेखक कोण? येमेनमधल्या सना शहरचा वेडा अरब, अब्दुल अलहजरेद! लहानपणी अरेबियन नाइट्सने झपाटलेल्या लव्हक्राफ्टने हे नाव आधी स्वतःलाच लावून घेतलं होतं. म्हणजे सुरुवात प्रेमाची. नाव मात्र अशुद्ध. ‘अब्दुल’मध्ये ‘अल’ आलेलाच आहे, त्याच्यापुढे पुन्हा ‘अल’. माझ्या पाचवीतल्या मुलानेही लाल रेघ मारली असती. अर्थात ‘अब्दुल’ एवढंच अर्धं नाव हाक मारायला आपल्याकडेही पुरतं.

आता खरं सांगायचं ते. या खेळात ‘माइंड पॅलेस’ म्हणून एक जागा आहे. जमवलेले पुरावे तिथे जुळवायचे आणि निष्कर्ष काढायचा. पुष्कळदा त्याच पुराव्यांतून दोन निष्कर्ष निघतात. निवड आपली. बरोबर कोणता ते खेळ सांगत नाही. एका प्रकरणात संशयित इन्समाउथवाला होता. भाचा निष्कर्ष वाचून दाखवत होता. दुसरा वाचायच्या आत मी म्हणाले, “यानेच केलं. तोंड बघ त्याचं.”

भाच्याने बटण दाबलं. खेळ पुढे गेला.

नोकरी लागली तेव्हा आम्ही शाळेजवळ भाड्याचं घर बघायला गेलो होतो. मालकीणबाईंनी चहा दिला, नळाच्या वेळा सांगितल्या, “मुलीसारखी वाटतेस,” म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. “यांना विचारून कळवते हं,” म्हणाल्या. शेवटी मोहल्ल्यातच खोली घेतली, शाळेपासून दोन बसवर. ती गोष्ट मी दहा वर्षं लोकांना सांगत आले आहे.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी भाच्याला म्हटलं, परत मागे जाता येतं का? तो म्हणाला, बरंच पुढे आलो, आता पहिल्यापासून खेळावं लागेल.

परवा त्याचा फोन आला. पुन्हा सुरुवात केली आहे आणि त्या प्रकरणाशी येऊन थांबला आहे.

“आप आओ,” म्हणाला, “दोनों पढ के सुनाता हूँ.”