अध्यक्ष महाराज!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण जरा मनाला लागलेलं आहे.

आमच्या सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी कट्टा भरतो. दहा-बारा जण असतो. मी जन्मभर वर्ग सांभाळलेला, त्यामुळे इथलं मॉनिटरपदही माझ्याकडेच आलं. पण निवृत्त माणसांना कसली शिस्त लावायची? ज्याला जे बोलायचंय ते बोलू द्यावं, असं माझं धोरण.

मध्यंतरी एक ताई यायला लागल्या. गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या. एकदा कांद्याच्या भावावरून वाद रंगला. त्या धीर करून दोन वाक्यं बोलल्या, तर एका काकांनी त्यांच्या 'व्हतं'ची नक्कल केली. सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ताई यायच्या बंद झाल्या.

मला चैन पडेना. नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्गात लोकसभा भरवायची, ते आठवलं. १९५२ साली पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर कोण होणार, यावरून मुलांची भांडणं! सदस्यांनी एकमेकांशी नाही, अध्यक्षांशी बोलायचं, हा नियम मुलांना गमतीचा वाटे. पण त्यात केवढं शहाणपण आहे! अध्यक्षांकडून वळसा घेईपर्यंत राग निम्मा निवतो. अध्यक्ष स्वतः आधी मत देत नाहीत. समसमान मतं पडली तरच देतात. आणि अशोभनीय शब्द कामकाजातून काढून टाकायचा अधिकार त्यांना असतो.

मी मात्र खुर्चीवर बसून नुसती हसले होते. सगळ्यांना मोकळीक म्हणता म्हणता मोठ्या आवाजालाच मोकळीक मिळाली.

ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. काकांना चहाला बोलावून एकटं गाठलं. चारचौघांत बोलले असते तर तेही गेले असते. आता कट्ट्यावर दोनच नियम आहेत. बोलायचं ते माझ्याकडे बघून, आणि जो आज बोलला नाही त्याला आधी संधी.

पंधरा दिवसांनी ताई आल्या. पावसात भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, मग पडेल त्या भावाने विकावा लागतो, हे त्यांनी सांगितलं. इतके दिवस तावातावाने भांडणाऱ्या आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. काका हळूच म्हणाले, "अध्यक्ष महोदया, ताईंना अजून बोलू द्या."

असो. तुमच्या कट्ट्यावरून असं कुणी उठून गेलंय का? जमलं तर एकदा त्यांच्या घरी जाऊन या.