उतरवलेली दोरी

'सज्ज' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. सैन्य सज्ज असते, प्रशासन सज्ज असते, परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थीही सज्ज असतो. संस्कृत कोश या शब्दाचा संबंध 'सज्य' या शब्दाशी जोडतात. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी आणि 'सज्य' म्हणजे दोरी चढवलेले. शाळेच्या भूमितीत भेटलेली वर्तुळाची 'जीवा' हीदेखील मुळात धनुष्याची दोरीच. तयार असण्याची आपली कल्पना ताणलेल्या धनुष्यावरून आली आहे, हे ध्यानात आले तेव्हापासून एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. युद्ध नसेल त्या काळात या धनुष्याचे काय करीत असत? धनुर्धराच्या नेमबाजीच्या कथा आपण आवडीने वाचतो. त्याने आपले शस्त्र पावसापासून कसे जपले आणि मजल दरमजल कसे वाहून नेले, याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की तो दोरी उतरवून ठेवीत असे. लाकूड वा बांबू फार काळ वाकवून ठेवला तर त्याला वाकण्याचीच सवय जडते. मूळ स्थितीकडे परतण्याची त्याची ओढ मंदावते आणि या ओढीतच बाणाचा वेग असतो. म्हणून प्रयोजन संपले की दोरी उतरवायची, धनुष्य आवरणात घालायचे आणि दोरी कोरडी राहील असे पाहायचे. युरोपात १३४६ साली झालेल्या क्रेसीच्या लढाईपूर्वी पाऊस कोसळला, तेव्हा इंग्रज तिरंदाजांनी दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली डोक्यावर ठेवल्या, असे त्या काळच्या एका इतिवृत्तकाराने नोंदवले आहे. बाण कशातून नेत, हे तर आपला शब्दच सांगतो. 'भाता' हा शब्द 'भस्त्रा' म्हणजे चामड्याची पिशवी या संस्कृत शब्दापासून आला आहे. लोहाराचा भाता आणि धनुर्धराचा भाता ही एकाच चामडी कुळातली भावंडे होत.

आपल्या अहिल्यानगरात, म्हणजे निजामशाहीच्या अहमदनगरात, या विषयाला आणखी एक पदर आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये येथे स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि दख्खनच्या इतर दरबारांप्रमाणे या दरबारातही फारसी भाषा नांदू लागली. 'तीर', 'कमान', 'तिरंदाज' हे शब्द फारसीतून मराठीत आले. इराणी-तुर्की परंपरेतील कमान लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू सरसाने एकमेकांना चिकटवून तयार होई. ती आखूड असे, म्हणून घोडेस्वाराला सोयीची. लघुचित्रांतील स्वारांच्या कमरेला एका बाजूस कमानीचे म्यान आणि दुसऱ्या बाजूस भाता लटकलेला दिसतो. मात्र या कमानीचे ओलाव्याशी वैर होते. दमट हवेत सरस मऊ पडे आणि जोड सुटत. म्हणून तिच्यावर रोगणाचे थर चढवीत. हिंदुस्थानात संपूर्ण पोलादी कमानीही घडवल्या गेल्या. मारा काहीसा उणा पडला तरी शस्त्रागारात वर्षानुवर्षे टिकणे, हा त्यांचा मोठा गुण होता.

पुढे तोफा-बंदुकांनी कमानीचे दिवस संपवले. विजापूरची प्रख्यात मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरातच ओतली गेली, हे येथे आठवावे. शस्त्र गेले, तरी शब्द राहिला. दमडी मशिदीसमोर उभे राहून आपण 'कमानी' पाहतो आणि जुन्या घड्याळातही 'कमान'च असे. इमारतीच्या कमानीने शब्दाचा आकार जपला, तर घड्याळाच्या कमानीने त्याचा ताण.

दरबारी कमानीशेजारी याच भूमीत दुसरे एक धनुष्य होते, ते म्हणजे कामठा. संस्कृत कोशांत 'कमठ' या शब्दाचा एक अर्थ बांबू असाही दिलेला आहे. राहुरी-संगमनेरकडे भिल्ल समाजाची वस्ती आहे. या समाजाच्या परंपरागत कामठ्याचा दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची असते. तिथे सरस नाही, त्यामुळे तो सुटण्याची भीतीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीसाठी योग्य द्रव्यांची यादी आहे. तीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्यासोबत वेणू, म्हणजे बांबू, आहेच. ज्या ज्ञानाला आपण अडाणी समजून बाजूला सारतो, ते शास्त्रग्रंथाच्या पंक्तीला बसलेले असते, असे यातून दिसते.

त्याच ग्रंथात शस्त्रागाराच्या अध्यक्षाला दिलेली एक सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन-वारा दाखवावा आणि उष्णता, ओल, कीड यांनी बिघडणारी शस्त्रे निराळी ठेवावीत, असे तेथे सांगितले आहे. आपली आजी धान्याला आणि पुस्तकांना ऊन दाखवीत असे, तीच ही दृष्टी. शस्त्राचा विचार करताना केवळ रणांगण डोळ्यांसमोर येऊ नये. त्यामागे वर्षभर चालणारी निगराणीही असते.

महाभारताच्या विराटपर्वातील शमीवृक्षाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. अज्ञातवासात जाण्यापूर्वी पांडव आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवतात. नकुल झाडावर चढतो, पावसाचा मारा लागणार नाही अशी जागा निवडतो आणि शस्त्रे घट्ट बांधतो. कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही टांगले जाते. दसऱ्याला आपण शमीचे पूजन करतो, तेव्हा विजयाचे स्मरण करतो. परंतु त्या विजयाआधी एक वर्षभर गांडीवाची दोरी उतरलेली होती, याचे स्मरण आपल्याला राहत नाही. वर्ष सरल्यावर उत्तर शमीवर चढून गांडीव खाली आणतो आणि अर्जुन त्याला दोरी चढवतो. ते धनुष्य जपले गेले होते, म्हणूनच ते त्या क्षणी कामी आले.

मुक्त विद्यापीठाच्या संपर्कसत्रांत मला भेटणारे विद्यार्थी बहुधा कामावरून थेट आलेले असतात. कोणी रात्रपाळी करून येते, तर कोणी मुलांना शेजारी सोपवून. एकदोन वर्षे अभ्यास मागे पडला, तर ती वर्षे वाया गेली असे त्यांना वाटते. काही जण तर संकोचाने परतच येत नाहीत. अशांना मी नकुलाची गोष्ट सांगतो. खंड पडणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे. वह्या जपून ठेवल्या असतील, अधूनमधून त्यांना ऊन दाखवले असेल, तर त्या धनुष्याला पुन्हा दोरी चढते. 'सज्ज' या शब्दाच्या पोटात दोरी आहे, आणि जी चढवता येते, ती उतरवताही येते.