साष्टीच्या बेटावर

बेट म्हटले की अंदमान, लक्षद्वीप, फार तर मॉरिशस अशी नावे डोळ्यांपुढे येतात. तेथील सहलीसाठी वर्षभर पैसे साठवणारी अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील कुटुंबे स्वतःच एका उष्णकटिबंधीय बेटावर राहतात, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे म्हणून ‘षट्षष्टी’ आणि त्यावरून साष्टी, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी असा या भूमीचा वेढा आहे. भाईंदर सोडून नायगावकडे जाताना किंवा ठाण्याहून कळव्याकडे निघताना लोकल पुलावर चढते, तेव्हा आपण बेट सोडत असतो.

या बेटाची ओळख धर्मकथेतूनही होते. आयंबिलाच्या ओळीत गायिल्या जाणाऱ्या श्रीपाळ रासातील श्रीपाळ समुद्रात ढकलला गेल्यावर तरून ज्या किनाऱ्याला लागतो, तो ठाण्याचा. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर त्या कथेची आठवण जागी ठेवते. इतिहासात हे बेट १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेले, पुढे मराठ्यांनी ते जिंकले आणि १७७४ साली इंग्रजांनी ठाणे घेतल्यावर १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, म्हणून लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये देऊन सेतुमार्ग बांधविला. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत ही उपनगरे महापालिकेत आली आणि बेटाचे बेटपण विस्मरणात गेले. ते पुन्हा अनुभवायचे असेल तर विमानाचे तिकीट लागत नाही. सकाळी लवकर उठण्याची तयारी मात्र हवी.

अंधेरीचा पाषाण

आरंभ अंधेरी पश्चिमेला, भवन्स महाविद्यालयाच्या जवळ उभ्या असलेल्या गिल्बर्ट टेकडीपासून करावा. सुमारे ६० मीटर उंचीचा हा काळ्या बेसाल्टचा सुळका साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाला. थंड होताना लाव्हारसाचे उभे स्तंभ तयार झाले, आणि ते आजही कड्यावर स्पष्ट दिसतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात असाच एक प्रचंड सुळका आहे आणि जगभरचे प्रवासी तो पाहायला जातात. अंधेरीचा सुळका मात्र इमारती आणि झोपड्यांनी वेढला गेला आहे. खडी काढण्यासाठी त्याच्या भोवतालचा भाग कित्येक वर्षे फोडला गेला. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी वर गेल्यास एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगररांग दिसते. बेटाची रुंदी एका नजरेत समजावी, अशी ही जागा आहे.

याच दगडात आपल्या पूर्वजांनी लेणी कोरली. अंधेरी पूर्वेची महाकाली म्हणजेच कोंडिविटे लेणी, जोगेश्वरीची शैव लेणी आणि बोरिवली पश्चिमेची मंडपेश्वर लेणी या तिन्ही ठिकाणी रिक्षाने सहज जाता येते. मंडपेश्वराला नटराजाचे शिल्प आहे, आणि लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष आहेत.

कान्हेरीची अक्षयनीवी

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सुमारे ६ किलोमीटर आत, शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांचे हे नगर हजारभर वर्षे नांदते होते. बहुतेक सहली तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह पाहून परततात. खरे आश्चर्य त्यापुढे वर चढत गेल्यावर आहे. जवळपास प्रत्येक लेण्याजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे पोढी आहे. पावसाचे पाणी उतारावरील कोरीव पन्हळींतून या पोढ्यांत उतरते. नळ आणि पंप नसताना एवढ्या भिक्षूंची वस्ती डोंगरमाथ्यावर राहू शकली, ती या जलव्यवस्थेमुळे.

लेण्यांवरील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. त्यांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. मूळ रक्कम कधीही खर्च करायची नाही आणि केवळ तिच्या उत्पन्नावर भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागवायच्या, अशी ही कायम ठेव. नवव्या शतकातील अशा काही लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव आहे. आचार्य जिनसेनांचा शिष्य म्हणून जैन परंपरेला परिचित असलेल्या या राजाच्या राज्यात या बौद्ध लेण्यांना ठेवी मिळत होत्या, हे मुद्दाम स्मरणात ठेवण्यासारखे आहे. त्याच उद्यानाच्या परिसरात त्रिमूर्ती पोदनपूर येथे भगवान आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उभ्या मूर्ती आहेत. कान्हेरीच्या दिवसाला हे दर्शन जोडता येते. उद्यान सोमवारी बंद असते.

तलाव, नद्या आणि डोंगर

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने मुंबई शहर साधारण ७० चौरस किलोमीटरचे, म्हणजे शहरापेक्षा हे अरण्यच मोठे. येथे वारल्यांचे पाडे आहेत आणि बिबटे आहेत. मुलुंडच्या पश्चिमेची योगी हिल्सची वस्ती याच डोंगराच्या पायथ्याशी टेकलेली आहे. बेटाचा सर्वोच्च भाग सुमारे ४६८ मीटर उंच आहे. परवानगीशिवाय किंवा सूर्यास्तानंतर या वाटांवर जाऊ नये.

डोंगरांच्या कुशीत १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी हे दोनच बेटावर आहेत. विहारची साठवणक्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तर तुळशीची ८,०४६ दशलक्ष लिटर. सातही जलाशयांची एकत्रित क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असल्याने या दोघांचा वाटा शेकडा अडीचच्या आसपास भरतो. बाकीचे सारे पाणी बेटाबाहेरून, दूरच्या खोऱ्यांतून येते. बेटाला स्वतःची तहान भागवता येत नाही, हा या हिशेबाचा साधा अर्थ आहे.

दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या याच डोंगरांतून आणि तलावांच्या सांडव्यांतून निघतात. आज त्यांना नाले म्हटले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपण नदी आहोत हे शहराला दाखवून दिले. श्रावणात राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदीच्या काठी उभे राहून वाहते स्वच्छ पाणी पाहावे, आणि त्याच दिवशी दहिसर स्थानकाजवळच्या पुलावरून तीच नदी पाहावी. मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

खाडीकाठ

बेटाची पूर्व कड घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी खाडीला लागून जाते. येथे कांदळवने आणि मिठागरे आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली येथे रोहित अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मुलुंडहून पूल ओलांडून ऐरोलीला गेल्यास वनविभागाच्या केंद्रातून बोटीने हे पक्षी पाहता येतात. निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी.

पश्चिमेला बोरिवलीहून फेरीबोटीने गोराईची खाडी पार करता येते. पलीकडे कोळीवाडे, जुनी चर्चेस, नारळी-ताडाच्या रांगा आणि २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. या छोट्या जलप्रवासात बेटावर राहण्याचा अर्थ अंगाला खारा वारा लागून कळतो. वर्सोव्याचा किनारा मात्र वेगळ्या कारणासाठी पाहावा. कचऱ्याने भरलेली ती चौपाटी वकील अफरोज शाह यांनी २०१५ पासून नागरिकांना सोबत घेऊन स्वच्छ करायला घेतली, आणि २०१८ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली.

कांदळवनांच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने मनाई केली. तरीही खाडीकाठचा भराव थांबलेला नाही आणि डोंगराखालून बोगद्यांची कामे सुरू आहेत. प्रवास सुखकर व्हावा ही अपेक्षा गैर नाही. परंतु दर वर्षी थोडा डोंगर, थोडी खाडी आणि थोडे मिठागर खर्ची पडत असेल, तर तो खर्च व्याजातून होत नसून मुद्दलातून होत आहे. कान्हेरीच्या दात्यांना हा फरक ठाऊक होता. डोंगर पाऊस अडवतो, तलाव तो साठवतो, नदी वाहून नेते आणि कांदळवन भरतीला थोपवते. या बेटाची अक्षयनीवी हीच आहे.

ठेव सांभाळायची तर ती कोठे आहे, हे आधी माहीत असावे लागते. म्हणून महिन्यातून एक रविवार मुलानातवंडांसह या ठिकाणांसाठी राखून ठेवावा. पाण्याची बाटली आणि घरचा डबा सोबत घ्यावा, प्लास्टिक मागे सोडू नये. पावसाळ्यात पायाखालचे जीव सांभाळून चालावे. संध्याकाळच्या जेवणासाठी सूर्यास्तापूर्वी घरी परतता येईल इतकी ही सारी ठिकाणे जवळ आहेत.